कंबाईन पूर्व: रोज ढिगाने सराव प्रश्न सोडवतेय तरी मार्क जागचे हलत नाहीयेत

निफाडची_पोर

नमस्कार सगळ्यांना. मी एमपीएससीच्या कंबाईन म्हणजे संयुक्त पूर्व परीक्षेची, ब गटाची तयारी करतेय, एसटीआय (राज्य कर निरीक्षक) नाहीतर एएसओ (सहायक कक्ष अधिकारी), जे पदरात पडेल ते. राहायला गंगापूर रोडला कॉट बेसिसवर, अभ्यासिका चालत पाच मिनिटांवर त्यामुळे जाण्यायेण्यात वेळ जातो असं काही नाही. वाचन झालंय, म्हणजे स्टेट बोर्डची पुस्तकं, पॉलिटी, इतिहास, अर्थशास्त्र सगळ्यावरून हात फिरलाय. आता सगळे म्हणतात प्रश्न सोडव प्रश्न सोडव म्हणून मी प्रश्नांच्याच मागे लागलीये, एक टेस्ट सिरीज पैसे भरून घेतली, दुसरी मैत्रिणीच्या लॉगिनवर बघते, आणि टेलिग्रामवर सकाळी उठल्या उठल्या तीन चार पीडीएफ येऊन पडलेल्या असतात त्यापण सोडवते. दिवसाला शंभरेक प्रश्न सहज होतात. पण टेस्टचे मार्क चाळिशीतच घुटमळतात, कधी दोन वर कधी तीन खाली.

विचारायचं एवढंच की हे असंच चालू ठेवलं तर आपोआप वाढतात का? का आधी सिलॅबस अजून एकदा पक्का करून मग प्रश्नांकडे वळू? आणि जुने आयोगाचे पेपर जास्त करायचे की टेस्ट सिरीज? माझ्या शेजारच्या टेबलावरची ताई म्हणते जुने पेपर काही परत येत नाहीत, त्यात वेळ घालवू नको. एक काय ते सांगा, कारण द्राक्षं काढणीला आली की घरून बोलावणं येणारच आहे आणि तेव्हा मला धड अभ्यास होत नाही.

सावाना_कोपरा

ताई एकच प्रश्न, रोज शंभर सोडवतेस त्यातल्या किती प्रश्नांकडे दुसऱ्या दिवशी परत बघतेस? मला वाटतं उत्तर शून्याच्या आसपास असेल, कारण रोज शंभर नवीन करणाऱ्याला कालचे बघायला वेळच उरत नाही. टेस्ट सोडवून मार्क बघितले, जरा वाईट वाटलं, पुढची टेस्ट उघडली, याला सराव म्हणत नाहीत, हे नुसतं वजन करून बघणं झालं. मार्क वाढतात ते टेस्ट संपल्यानंतरच्या दोन तासांत.

तुझ्या शेजारच्या ताईंचं अर्धं बरोबर आहे, तोच प्रश्न जसाच्या तसा क्वचित येतो. पण आयोगाची सवय अशी की आज जो चुकीचा पर्याय असतो तो उद्याचा प्रश्न असतो. हे नुसतं सांगून कळत नाही म्हणून आपल्या नाशिकचंच घे. समज प्रश्न आला, काळाराम मंदिर सत्याग्रह कधी सुरू झाला. पर्याय: २० मार्च १९२७, २५ डिसेंबर १९२७, २ मार्च १९३०, १३ ऑक्टोबर १९३५. तू नाशिकची, तुला १९३० माहितीये, टिक केलं, मार्क मिळाला, पुढे गेलीस. आता मी तिथेच थांबतो. २० मार्च १९२७ म्हणजे महाडचं चवदार तळं. २५ डिसेंबर १९२७ पण महाडच, मनुस्मृती दहन. १३ ऑक्टोबर १९३५ म्हणजे येवला, धर्मांतराची घोषणा, आणि प्रत्यक्ष धर्मांतर १४ ऑक्टोबर १९५६ नागपूर. तेरा आणि चौदाची अदलाबदल करून विधान टाकलं की निम्मं पब्लिक झोपतं. मग पुढचं, काळाराम सत्याग्रहात पुढे कोण होतं, तर दादासाहेब गायकवाड, आपल्या दिंडोरी तालुक्यातले. पुण्यात पर्वतीचा सत्याग्रह कधी, १९२९, म्हणजे काळारामच्या आदल्या वर्षी. आता हेच सगळं कालक्रम लावा म्हणून येऊ दे की, डोळे झाकून लावशील.

बरोबर आलेल्या प्रश्नावर पण हे करायचं हं, फक्त चुकलेल्यावर नाही. अशाने दिवसाला शंभर होणार नाहीत, तीस पस्तीस होतील, होऊ दे.

आणि आधी आयोगाचे पेपर, मग टेस्ट सिरीज. आयोगाच्या साईटवर सगळं पडलेलं आहे फुकट, प्रश्नपत्रिका पण आणि उत्तरतालिका पण. उत्तरतालिका अंतिम वालीच घे. पहिली येते, मग हरकती जातात, मग अंतिम येते आणि त्यात काही उत्तरं बदललेली असतात, काही प्रश्न रद्दच झालेले असतात. बाजारातल्या काही पुस्तकांत पहिल्या तालिकेचीच उत्तरं छापलेली असतात आणि पोरं वर्षानुवर्ष चुकीचं उत्तर पाठ करत बसतात.

अंबड_सेकंड_शिफ्ट

वरच्या दादांचं पटलं पण तीस पस्तीस प्रश्नांवर दोन दोन तास द्यायला सगळ्यांकडे वेळ नसतो ओ. मी अंबडला कंपनीत आहे, सेकंड शिफ्ट सुटून रूमवर यायला रात्रीचा एक वाजतो. सकाळचे तीन तास माझे, त्यात काय ते. मी काय करतो की आठवड्यातून एकच पूर्ण पेपर, सुट्टीच्या दिवशी, आणि बाकीचे दिवस त्याच पेपरची चिरफाड, सोमवारी इतिहास मंगळवारी पॉलिटी असं. नवीन काही घ्यायचंच नाही. चालू घडामोडी तेवढ्या रोज.

पण मला वेगळंच सांगायचं होतं. मोबाईलवर टेस्ट देत असशील तर ते बंद कर. खरा पेपर कागदावर आहे, काळ्या बॉलपेनने गोल काळे करायचे आहेत, आणि पूर्वला शंभर प्रश्नांना एक तास म्हणजे एका प्रश्नाला ३६ सेकंद, त्यातच वाचन आलं त्यातच गोल रंगवणं आलं. मोबाईलवर बोट लावलं की झालं, ती सवय हॉलमध्ये नडते. सीबीएस बसस्टँडजवळ कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडे कोरी ओएमआर म्हणजे गोल काळे करायची उत्तरपत्रिका मिळते, गठ्ठाच आणून ठेव. आणि घड्याळ लावून बस, मधे पाणी प्यायला उठायचं नाही, व्हॉट्सअप बघायचं नाही. माझा रूममेट टेस्ट पॉज करून चहा करतो आणि मग म्हणतो आज सत्तर पडले.

गणित बुद्धिमत्ता शेवटी का आधी यावर लोक भांडतात, ज्याला जे जमेल ते, पण ते सरावातच ठरवून टाक. परीक्षेच्या दिवशी नवीन प्रयोग नको.

निफाडची_पोर

बापरे, मोबाईलवरच देते मी. आणि पॉज पण करते.

दादा ते बरोबर आलेल्या प्रश्नाचे पण पर्याय बघायचे हे कधी डोक्यातच आलं नव्हतं, आज करून बघते. अजून एक, मी ७० च्या पुढे अटेम्प्ट करतच नाही निगेटिव्हच्या भीतीने. क्लासच्या सरांनी सांगितलं होतं की खात्री असेल तरच गोल काळा करा. ते बरोबर ना?

देवळाली_कॅम्प

एकदम बरोबर. तुक्का मारून कोणी अधिकारी झालेलं मी तरी बघितलं नाही. जेवढं येतं तेवढंच सोडवा, ॲक्युरसी महत्त्वाची.

बेरीज_वजाबाकी

देवळालीकर भाऊ, राग मानू नका पण हिशोब करून बघा. चुकीच्या उत्तराला २५ टक्के मार्क कापतात, म्हणजे एक मार्काच्या प्रश्नाला पाव. चार चुकले तेव्हा एक बरोबरचा मार्क जातो. म्हणजे पाचातला एक जरी बरोबर आला तरी हिशोब शून्यावर, तोटा नाही. आता चार पर्यायातले दोन तुम्ही खात्रीने उडवलेत आणि उरलेल्या दोनात अडकलात, असे दहा प्रश्न आहेत समजा. अंदाजाने पाच बरोबर पाच चूक धरले तर ५ वजा १.२५, म्हणजे ३.७५ मार्क. हे तुम्ही टेबलावर सोडून उठताय. कटऑफला अर्ध्या अर्ध्या मार्काने लोक बाहेर जातात आणि इथे पावणेचार मार्कांवर पाणी.

ताईचंच उदाहरण घेऊ. ७० सोडवले, ५० बरोबर २० चूक, तर ५० वजा ५, ४५ झाले. त्याच पेपरमध्ये अजून १६ प्रश्न असे असणार जिथे दोन पर्याय उडवता येत होते. त्यात ८ बरोबर ८ चूक आले तर ८ वजा २, म्हणजे ६, झाले ५१. अभ्यास तोच, पेपर तोच.

पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, पूर्ण आंधळा तुक्का वेगळा. कागदावर तोही किंचित फायद्यात दिसतो कारण चारात एक, पण पेपर काढणारा बसलेलाच असतो फसवायला, ज्याला काहीच माहीत नाही त्याला जो पर्याय ओळखीचा वाटतो तोच हमखास चुकीचा ठेवलेला असतो. त्यामुळे आंधळ्या तुक्क्यात चारात एक पण येत नाही बऱ्याचदा. तुझा तुक्का कुठल्या जातीचा आहे हे सरावातच कळतं. कसं, तर टेस्ट सोडवताना प्रश्नपत्रिकेवर प्रश्नाच्या नंबरशेजारी खूण करायची. खात्रीचं असेल तर काही नाही, दोनात अडकून मारलं तर एक टिंब, काहीच माहीत नसताना मारलं तर दोन टिंबं. टेस्ट झाली की टिंबवाल्यांचा वेगळा हिशोब. चार पाच पेपरांत तुझं चित्र समोर येतं. एकाला इतिहासात एक टिंबवाले निम्म्याहून जास्त बरोबर येतात आणि विज्ञानात सगळे आपटतात, त्याने इतिहासात बिनधास्त मारावं आणि विज्ञानात हात आवरावा. दुसऱ्याचं उलटं असेल. हे कुठल्याही क्लासचे सर तुला सांगू शकत नाहीत, तुझी टिंबंच सांगतील.

जोड्या लावा मध्ये तर दोन जोड्या पक्क्या असल्या की बऱ्याचदा उत्तर हातात येतं. पंचायत राजच्या समित्या बघ, बलवंतराय मेहता १९५७, वसंतराव नाईक १९६०, बोंगिरवार १९७०, पी. बी. पाटील १९८४. यातली पहिली आणि नाईक माहीत असल्या तरी बहुतेक वेळा तीन पर्याय उडतात. चारही पाठ नाहीत म्हणून प्रश्न सोडून देणारे बघितलेत मी, जीव तुटतो.

देवळाली_कॅम्प

दोन पर्याय उडवता आले तर तो तुक्का नाहीच ना मग, ते थोडंफार ज्ञान झालं. मी आंधळ्याबद्दलच बोलत होतो. बाकी तुमचा हिशोब बरोबर आहे पण नवीन पोरं हे वाचून ९८ अटेम्प्ट करून येतात आणि मग डोक्याला हात लावतात, त्यांना पण काहीतरी सांगा.

बेरीज_वजाबाकी

त्यांच्यासाठीच टिंबं सांगितली की. ९८ करायचे का ७८ हे घरी ठरतं, हॉलमध्ये नाही.

शाळामास्तरीण

मी परीक्षा देत नाही, नाशिकरोडला शाळेवर आहे, लेक तयारी करतोय म्हणून इथे वाचत असते. सिलॅबस पक्का करून मग प्रश्न का, यावर कोणी बोललंच नाही म्हणून लिहितेय.

बाळा थांबू नकोस. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. कॉलेजच्या मुलांना उतारे वाचायला दिले, काहींना तेच परत वाचायला लावलं आणि काहींना पुस्तक मिटून आठवेल ते लिहायला लावलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे. पण दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे परत परत वाचलं की सगळं येतंय असं वाटतं, आणि तेच फसवं असतं. आमच्याकडे दहावीची मुलं बघते ना मी, पुस्तक पिवळं हिरवं करून टाकतात रंगीत पेनांनी, आणि पुस्तक बंद कर सांग म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघत बसतात.

तेव्हा धडा झाला की त्याच दिवशी त्याच्यावरचे प्रश्न, चुकले तरी चालतील. आणि पर्याय झाकून आधी स्वतः उत्तर बोलायचं, मग पर्याय उघडायचे. माझा लेक पट्टीने झाकतो. पूर्ण वेळ लावलेल्या पेपरला नाही, एरवीच्या सरावाला.

आणि जेव्हा चूक होते तेव्हा ती कुठल्या प्रकारची आहे ते शेजारी एका शब्दात लिहीत जा. माहीतच नव्हतं ही वेगळी गोष्ट, दोनात गोंधळ झाला ही वेगळी, आणि प्रश्न नीट वाचलाच नाही ही तर सगळ्यात वेगळी. लेकाच्या वहीत तिसऱ्या प्रकारच्याच जास्त निघाल्या, खालीलपैकी कोणते विधान बरोबर नाही यातला नाही त्याला दिसतच नव्हता. त्यावर अजून वाचन करून काय उपयोग, पेनाने त्या नाहीला गोल करायची सवय लावली, तेवढंच.

अंबड_सेकंड_शिफ्ट

मॅडम ते नाहीला गोल करायचं भारी आहे. आणि विधानवाल्या प्रश्नांत अजून एक चालतं क्लासमध्ये, फक्त, केवळ, सर्व असे शब्द दिसले की विधान चुकीचं धरा म्हणून. ते आंधळेपणाने करू नका, राज्यघटनेच्या प्रश्नांत हे शब्द खरे पण असतात. उदाहरणार्थ धन विधेयक फक्त लोकसभेतच मांडता येतं, फक्त आहे म्हणून चूक धरलं तर गेलात.

निफाडची_पोर

सगळ्यांचे खूप आभार, मास्तरीण बाई तुमचे विशेष. दोन दिवस जरा करून बघितलं. मोबाईल बाजूला, आयोगाचा एक जुना पेपर काढून आणला, टिंबं मारली. माझी एक टिंबवाली भूगोलात बरीच बरोबर आली, अर्थशास्त्रात धुव्वा. मार्कांचं अजून काही सांगत नाही कारण एका पेपरवरून काय कळणार.

पण एका ठिकाणी अडकलेय. सावाना दादांसारखं पर्याय फोडायला घेतले. टेस्ट सिरीजमधला प्रश्न होता, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, कोणतं. पर्याय लोणार, नांदूर मध्यमेश्वर, ठाणे खाडी, जायकवाडी. आता नांदूर मध्यमेश्वर तर आमच्याच तालुक्यात, लहानपणी पक्षी बघायला शाळेची सहल गेलेली, ते काय चुकतंय. मग बाकीचे शोधले. लोणार दुसरं, ठाणे खाडी तिसरं २०२२ चं, जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे पण रामसर नाही. इथपर्यंत ठीक. पण नांदूरचं साल एका पुस्तकात २०१९ आणि दुसऱ्यात २०२०. टेस्ट सिरीजच्या स्पष्टीकरणात पण २०२०. कोणतं खरं धरू?

सावाना_कोपरा

शाब्बास, अशी अडकलीस की समज काम सुरू झालं.

दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी खरी आहेत. रामसरच्या यादीत नांदूर मध्यमेश्वरची तारीख जून २०१९ ची आहे, पण जाहीर झालं जानेवारी २०२० मध्ये, त्यामुळे तेव्हाच्या पेपरांत आणि चालू घडामोडींच्या मासिकांत २०२० आलं आणि तेच पुढे पुस्तकांत गेलं. लोणारचं पण बघ, यादीत तारीख जुलै २०२० आणि बातमी नोव्हेंबरची. वहीत दोन्ही लिहून ठेव, यादीतली तारीख वेगळी आणि घोषणेची वेगळी. पहिलं कोणतं विचारलं तर कसंही धरलं तरी नांदूरच येतं. साल विचारलं तर पर्यायात दोन्हीपैकी एकच असण्याची शक्यता जास्त. दोन्ही असतील तर प्रश्नात काय शब्द वापरलाय ते बघायचं, आणि तरी गोंधळ वाटला तर उत्तरतालिका आल्यावर पुराव्यासकट हरकत टाकायची. हरकत टाकताना क्लासच्या नोट्स जोडू नकोस, मूळ यादीचं पान जोड.

अर्थशास्त्रातली ती टिंबं कुठल्या टॉपिकची आहेत ते टाक इथे. बँकिंगची असतील तर एक वेळ समजू शकतो, पंचवार्षिक योजनांची असतील तर आधी तेवढंच उरकू.

निफाडची_पोर

योजनांचीच आहेत दादा 🙈 टाकते रात्री.